आज धायरी नऊ

"मॅडम, बाहेरची हवा मोजायचं सेन्सर नीट बसलेलं नाही," बंपर बदलून देताना गॅरेजवाला संपत म्हणाला होता. "ते एसीला जे सांगेल ते एसी खरं मानतो. नवीन सेन्सर आलं की फोन करतो. तोवर ऑटोवर नका ठेवू."

अस्मिताने मान हलवली आणि विषय सोडून दिला. एक तर ओवी कडेवर रडत होती. शिवाय डिसेंबरात एसी लावतंय कोण? आणि बंपर बदलायला गेलं की गॅरेजवाल्यांना आणखी काहीतरी सापडतंच.

ऑटोचं बटण तसंच राहिलं. चोवीस अंशांवर.

त्या वर्षी पुण्याच्या टोकाच्या धायरीत थंडी जरा जास्तच पडली. निदान अस्मिताच्या सोसायटीतल्या आयांचं तसं ठाम मत झालं.

अस्मिताची सकाळ ठरलेली. सातला खाली जाऊन गाडी पाच मिनिटं चालू ठेवायची, बॅटरी उतरायला नको म्हणून. मग वर येऊन दूध, मग ओवीचं आवरणं. साडेसातच्या सुमारास 'धायरीच्या आया' या ग्रुपवर निरोप यायचा. 'आज धायरी नऊ. टोपरं, पायमोजे, दोन स्वेटर.' त्याखाली चौतीस अंगठे. त्यानंतर सोसायटीतली बाळं बाहेर पडायची ती गाठोडी होऊन. कुठल्या गाठोड्यात कोण आहे, हे आईच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

मोबाइलवर सोळा दिसायचं. पण मोबाइल शिवाजीनगरचं सांगतो. डोंगराकडच्या धायरीचा गारठा शिवाजीनगरला काय कळणार?

शुक्रवारी सकाळी ओवीच्या मानेवर लाल पुरळ दिसलं. मग छातीवर. मग पाठीवर. ओवी रात्रभर किरकिरत होतीच. अस्मिताने मोबाइलवर 'लाल पुरळ, आठ महिने' असं शोधलं आणि ओवीला घेऊन ती सासऱ्यांच्या खोलीत धावली.

"बाबा, गोवर तर नसेल?"

सासरे गोपाळकृष्ण निवृत्त मुख्याध्यापक होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नातीची मान पाहिली. "मी इतिहास शिकवायचो. डॉक्टरांकडे चल."

नवरा, आमोद, कामासाठी बंगळूरला गेलेला. तिने चहाही घेतला नाही, गॅस बंद आहे का ते तेवढं तीनदा पाहिलं. ओवीला गुंडाळून सासऱ्यांच्या मांडीवर दिलं आणि गाडी सदाशिव पेठेकडे काढली. सोसायटीतल्या निम्म्या बाळांच्या डॉक्टर वासंतीताई तिथेच बसत.

सिंहगड रोडला लागेपर्यंत गाडीत गरम वाफा यायला लागल्या.

"अस्मिता, मागे पापड ठेवले तर भाजून निघतील."

"बाहेर नऊ आहे, बाबा. गाडी आपोआप ऊब सोडते."

"बाहेर तो रिक्षावाला बनियनवर बसलाय."

"त्याला सवय असेल. काल ग्रुपवरही नऊच होतं."

"आणि गाडी काय दाखवते?"

"नऊच."

"तीस वर्षं पेपर तपासले मी," गोपाळकृष्ण म्हणाले. "इतकी सारखी उत्तरं एकमेकांचं बघूनच लिहिलेली असतात."

अस्मिताने आरशातून ओवीकडे पाहिलं. ती लालबुंद झाली होती. तिने गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यात कानटोप्या घातलेली तीन बाळं आधीच बसली होती. तिन्ही मान खाजवत होती. साथच असणार.

वासंतीताईंनी ओवीला टेबलावर घेतलं. एक स्वेटर काढला. दुसरा काढला. त्याखालचं लोकरी जाकीट काढलं.

"आत मूल आहे ना नक्की?"

अस्मिताला हसू आलं नाही. "डॉक्टर, गोवर आहे का?"

"घामोळं आहे."

"जानेवारीत?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय." वासंतीताईंनी खिडकीबाहेर टांगलेल्या तापमापकाकडे बोट दाखवलं. "सतरा. कोमट पाण्याने अंघोळ, सुती झबलं, औषध काही नाही."

अस्मिताचे डोळे भरून आले. गोवर नव्हता. तिने ओवीच्या उघड्या पोटावर हात ठेवला, आणि ओवी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"धायरीचं हे या आठवड्यातलं सातवं मूल," वासंतीताई हात धुता धुता म्हणाल्या. "इतकं का गुंडाळता, असं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर. ग्रुपवर आकडा येतो. खरं का?"

"हो. येतो."

"पाठवतं कोण?"

"आहे एक आई," अस्मिता ओवीचं झबलं सारखं करत म्हणाली. "फार काळजी असते तिला सगळ्यांची."

"दिसतेच आहे. तिला स्वतःचं मूल आहे?"

"आहे."

"ते कसं आहे म्हणे?"

"आता बरं आहे."

बाहेर थांबलेल्या गोपाळकृष्णांनी जिना उतरताना तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. "कोण गं ही बाई? नंबर दे मला. मी बोलतो."

"राहू दे, बाबा. मीच सांगते."

"तू भिडस्त आहेस. तिला जरा खडसावून सांग. म्हणावं, आकडा आणतेस कुठून?"

गाडीत बसल्यावर अस्मिताने आधी ऑटोचं बटण बंद केलं. मग काचा खाली केल्या. बाहेर पेठेतलं कोवळं ऊन पडलं होतं आणि समोर, स्टिअरिंगच्या मागे, बाहेरचं तापमान म्हणून दहा हा आकडा शांतपणे चमकत होता. पर्समध्ये फोन मघापासून थरथरत होता. वरच्या मजल्यावरच्या ऋतुजाचा निरोप होता.

'अस्मिता, आज आकडा टाकायचा राहिला का गं? मी कालचंच नऊ धरून सलिलला गुंडाळलंय, आणि तो सारखा रडतोय. बाकीच्या पण विचारतायत.'

अस्मिताने दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. मग एका दमात ग्रुपवर टाकलं.

'आज आकडा नाही, उद्याही नाही. बायांनो, हे वाचताय तिथेच फोन खाली ठेवा आणि बाळाच्या मानेमागे हात घालून बघा.'