दसऱ्याची सूट

दसऱ्यापर्यंत थांबलं तर ट्रेडमिलवर चांगले अकरा हजार वाचत होते, म्हणून मुरलीधर चार महिने थांबला. हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र रोज चाळीस मिनिटं चाला, आजपासूनच चाला, असं बजावलं होतं.

"अहो, तोवर गोदाकाठी तरी चालून या," त्याची बायको शैलजा म्हणायची.

"फुकटच चालायचं, तर मशीन कशाला घेतोय?" सोफ्यावर लोळत, मोबाइलवर मोटरच्या वॉरंट्या ताडून बघत तो म्हणायचा.

दसऱ्याला त्याने पैसे भरले. ऐन दिवाळीत मशीन आली, तेव्हा टेम्पोवाल्याने साहेबांची सही मागितली. शैलजाने स्वतःची केली.

 

वाचलेले अकरा हजार तिने आठवड्यापूर्वीच रामकुंडावर, साहेबांच्या दहाव्याला मोजले होते.