पुढचा अंक

सुनेशी बोलायला विषय हवा, म्हणून मी वाचनालयातून मोटार शर्यतींची मासिकं आणू लागलो. शर्यत ती एकटीच मोबाइलवर बघायची. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना मी चाचरत म्हणायचो, "तुझा तो लाल गाडीवाला फॉर्मात नाही. संघ बदलेल बहुतेक."

"काहीतरीच काय, बाबा! पुढच्या शर्यतीत बघाच." मग घड्या राहायच्या बाजूला. आम्ही दोघं त्याच्या गाडीत बसून कुठल्या कुठल्या वळणांवरून तरंगत जायचो.

आज मुखपृष्ठावरच्या लाल गाडीवर बोट ठेवून ग्रंथपाल म्हणाले, "आजोबा, हे अंक तीन वर्षांपूर्वीचे. हा तर केव्हाच निवृत्त झाला. ताजे देऊ?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"नको," मी म्हणालो. "याच्या पुढचाच द्या. आम्ही अजून तिथवर पोचलो नाही."