पिंजऱ्यातली पंगत

पिंजऱ्यात भात सापडला. शिजवलेला, वर तूप सोडलेला, चांगला मोकळा भात.

रुचिकाने पिंजऱ्याचं दार उघडून पुन्हा पाहिलं. लाखनीजवळच्या कॉलेजात तिचा पीएचडीचा प्रयोग दोन महिने चालू होता. हे चोवीस उंदीर जन्मापासून लठ्ठ. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारं संप्रेरक त्यांच्या अंगात तयारच होत नाही, म्हणून बिचारे खात सुटतात. निम्म्यांना ती रोज त्या संप्रेरकाची सुई टोचायची, निम्म्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची. संप्रेरकवाल्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं. बाकी खाण्यापिण्यात काडीचाही फरक चालणार नव्हता. आणि आज ती तासभर लवकर येते काय, तर हा भात! सगळं मुसळ केरात. दुसऱ्यांदा उंदीर तिला कोण देणार होतं?

"मावशी, हा तुम्ही टाकला?"

प्राणीघर सांभाळणाऱ्या पार्वताबाईंना लपवाछपवी जमतच नसे. "हो, मीच. महिना झाला. काही काही वाळून राहिले न, मॅडम. अन्नाले तोंड नाही लावत. मले पाहवलं नाही. म्हटलं, त्या कोरड्या गोळ्यांचा कंटाळा आला असन."

रुचिकाला रडूच आलं. चार तरी उंदीर या भातातून सुटलेत का, एवढ्या आशेने तिने विचारलं, "कोणाकोणाला दिला?"

"सगळ्याइले." पार्वताबाईंना प्रश्नच कळेना. "पंगतीत एकाले वाढून दुसऱ्याले कसं सोडाचं? चमचा चमचा, सारखा. अन् रोज सकाळी उष्टं तोलून वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. पिंजऱ्यातून जे निघन ते तोलाचं, तुम्हीच तर सांगतलं होतं."

संप्रेरकाचे पिंजरे कोणते आणि पाण्याचे कोणते, हे पार्वताबाईंना ठाऊक नव्हतं. ती यादी फक्त रुचिकाच्या कपाटात. तिने यादी काढली, वहीची मागची पानं उघडली आणि एकेका पिंजऱ्यावरून बोट फिरवत गेली. पाणीवाल्यांनी महिनाभर एक शीत ठेवलं नव्हतं. संप्रेरकवाल्यांचा भात मात्र रोज जवळजवळ जसाच्या तसा परत. कंटाळा गोळ्यांचा नव्हता. त्यांची भूकच भागली होती.

रुचिकाने वही मिटली.

"उद्याही भात आणा, मावशी," ती म्हणाली. "हा प्रयोग मला सुचायला पाहिजे होता."