ऐन रंगात
अख्खं आयुष्य जॅझ वाजवलेले अकोटचे देवानंदआबा ब्याऐंशीव्या वर्षी सॅक्सोफोन घेऊन उभे राहिले, आणि अमरावतीचं सभागृह दणाणलं. आजी गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी सॅक्सोफोनची पेटी उघडलीच नव्हती. दम्याचा पंप घेऊन नात मोनाली पडद्याआड उभी होती.

सूर असे उसळले की लोक उठून नाचू लागले. ऐन रंगात आबा थांबले. ड्रमवाला वाजवत राहिला, तर त्यालाही त्यांनी हातानं थांबवलं. मोनाली धावणार, तोच सॅक्सोफोन पुन्हा कडाडला. सभागृह वेडं झालं.

“मधात दम लागला होता का, आबा?” ते आत येताच तिनं विचारलं.

“दम कायचा माय! गाण्यात त्या जागी तुही आजी दरखेपी पहिल्या रांगेतून शिट्टी मारे. तिची शिट्टी दाबून वाजवलं असतं, त घरी जेवू घातलं असतं काय तिनं मले?”