अबोलीचा गजरा

हवामान परिषदेच्या सभागृहात चारशे प्रतिनिधी होते. नियमाप्रमाणे त्यांत दोनशे बायका होत्या. खाडीकाठची गावं वाचवायचा ठराव चांगुणा वैतीने महिला गटातून मांडला होता. त्याला गटातल्या आणखी एकीचं अनुमोदन हवं होतं.

तिने शेजारच्या खुर्चीतल्या बाईपुढे अबोलीचा गजरा धरला. "घे गो, माळ केसांत. आमच्या ठरावाला साथ देशील ना?"

"किती सुंदर!" शेजारणीने हसून हात पुढे केला. गजरा तिच्या तळव्यातून आरपार जाऊन रिकाम्या खुर्चीवर पडला.

चांगुणा रांगारांगांतून फिरली. "तुमच्यात खरी कोन हाय गो?"

नियम पाळायला देशांनी यंत्राने उमटवलेल्या उजेडाच्या बायका बसवल्या होत्या. त्यांना हसता-बोलता येई, मत किंवा अनुमोदन देता येत नसे. सगळ्या गोड हसल्या.

संध्याकाळी निकाल लागला. ठरावाला अनुमोदन: शून्य. महिलांचं प्रतिनिधित्व: पन्नास टक्के.