इथल्या दुधाचा भाव

“उत्तरं गृहिणीनंच द्यायची आहेत,” पाहणीवाल्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“मग तीच देतेय की,” कुटुंबप्रमुख म्हणाले आणि गृहिणीच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून उभे राहिले.

गृहिणी आणि कुटुंबप्रमुख हे शब्द फॉर्मातले. फॉर्म नगरपालिकेचा. गेल्या दोन वर्षांत त्या शहरातून या शहरात राहायला आलेल्यांना विचारायचं, की राहणीमान तिथे बरं की इथे. उत्तर ‘इथे’ असंच येणार याची वरिष्ठांना खात्री होती. अहवालाचं मुखपृष्ठ छापून तयार होतं.

“दूध,” बाईंनी सुरुवात केली. “तिथे काय भाव होता?”

“अठ्ठावीस,” गृहिणी म्हणाली. “उन्हाळ्यात तीस म्हणायचा. मी अठ्ठावीसच द्यायचे.”

“चप्पल शिवून घ्यायला?”

“पाच. ओळखीचा होता, कधीकधी घ्यायचाच नाही.”

“भाजी?”

“अंधार पडताना गेलं की निम्म्यात.” तिच्या तोंडावर जरासं हसू आलं आणि आलं तसं गेलं.

“आता इथे. दूध?”

बाईंनी दुधाचा रकाना कोरा सोडला.

“भाजी? चप्पल? बरं, बसचं तिकीट? जवळात जवळचं सांगा.”

गृहिणीनं मान मागे वळवून वर पाहिलं.

“सगळं घरपोच येतं,” कुटुंबप्रमुख म्हणाले. “मीच मागवतो फोनवरून. हिला कसलाही त्रास नाही. तसा रकाना असेल तर त्यात लिहा.”

बाई अकरा वर्षं दारोदार भाव विचारत हिंडत होत्या. महागाईच्या नावानं बोटं मोडणाऱ्या भेटल्या, नवरा ऐकतोय म्हणून भाव चढवून सांगणाऱ्या भेटल्या, एका आजींनी तर कांद्याचा भाव सांगता सांगता डोळे पुसले होते, आणि कांदा चिरलेलाही नव्हता. पण वर्षभर एका शहरात राहून तिथल्या एकाही वस्तूचा भाव माहीत नसलेली गृहिणी त्यांच्या फॉर्मात अजून बसली नव्हती.

“गेल्या महिन्यात घराबाहेर किती वेळा पडलात?”

विचारता विचारताच त्यांना दारातला स्टँड आठवला. चपलाबुटांचे पाच जोड, पाचही पुरुषी, एकाच मापाचे. येताना त्यांना वाटलं होतं, एकटा माणूस राहत असेल.

“बाहेर कशाला?” कुटुंबप्रमुख म्हणाले. “हवा बघा ना इथली. मी रोज पहाटे साडेपाचला निघतो. तळ्याला चार फेऱ्या, सातला घरी. तिथे होतं का असलं तळं? लिहा, तळं लिहा.”

बाईंनी तळं लिहिलं.

“सुरक्षित वाटतं का? दहापैकी गुण द्यायचेत. तिथे किती?”

“तिथे…” गृहिणी म्हणाली. “तिथे शेजारी होते.”

“शेजाऱ्यांना गुण नसतात गं,” ते मायेनं म्हणाले. “आणि इथे दहा. दहा ना?” खुर्चीच्या पाठीवरचे हात तिच्या खांद्यांवर आले.

“दहा,” गृहिणी म्हणाली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरात फोन एकच होता. “हां साहेब, बोला,” म्हणत ते खिडकीशी गेले. चार पावलं. तोंड मात्र इकडेच.

बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं आणि अकरा वर्षांच्या सवयीच्या सपाट आवाजात वाचायला घेतलं. “पुढचा प्रश्न. त्या शहराची बस सकाळी सहा दहाला गल्लीच्या तोंडाशी येते. हात दाखवला की थांबते. कंडक्टर माझा भाऊ आहे, ताईनं पाठवलं म्हटलं की तिकीट मागणार नाही. सोयीचं आहे का?”

गृहिणी बोटाखाली पाहत होती. छापलेला प्रश्न होता, घरात डास आहेत का.

“कसली बस?” फोन खिशात टाकत कुटुंबप्रमुख म्हणाले.

“प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या. “प्रवासाच्या सोयीचा.”

“बघू.”

त्यांनी फॉर्म हातात घेतला. ओळीखाली बोट धरून पहिलं पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं. कितपत ऐकलं होतं, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बाईंना पाणी हवं होतं. मागावं, तर गृहिणीला उठावं लागलं असतं.

“डास आहेत,” ते म्हणाले. “बस नाही.”

“पुरवणी प्रश्न आहे तो. तोंडी विचारतात.”

“छे. सरकारी काम लेखी असावं, मॅडम. तोंडी काय, कुणीही काहीही बोलतं.” त्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि पानाच्या तळाशी वळणदार अक्षरात लिहिलं: बसची सोय. “किती वाजता म्हणालात?”

बाईंनी तोंड उघडलं. इतकी वर्षं त्यांनी नुसतं विचारलं होतं, उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. आता एक आकडा सुचेना.

पेन कागदावर टेकून थांबलं होतं. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.

“साडेनऊ,” गृहिणी म्हणाली. या वेळी तिनं मागे वळून पाहिलं नाही. “साडेनऊ म्हणाल्या ना त्या. सकाळी.”

कुटुंबप्रमुखांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. हलली, असं म्हणणं जास्त बरोबर.

त्यांनी साडेनऊ लिहिलं, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

“साडेनऊला तर मी घरीच असतो,” ते म्हणाले.

“हो ना,” गृहिणी म्हणाली.