अंगठ्यातला ठोका

"घरात आणखी कुणाला होतं का असं?" डॉ. इशितानं विचारलं.

"नाही," स्टीवन म्हणाला. "वडील हार्टने गेले. फॉर्मवर लिहिलंय मी."

शेजारच्या खुर्चीत त्याची आई हिल्डा बसली होती. शहाऐंशी वर्षांची बाई, त्रेसष्ट वर्षांच्या मुलाची सोबत म्हणून भुईगावहून रिक्षाने आली होती. सून ज्युली लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला गेलेली. मग दुसरं कोण येणार?

"आजी, तुम्हालाही सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयापासून निघणारी मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. अंकलची ती बेंबीच्या मागे फुगलीय. पाच सेंटिमीटर. साडेपाच झाली की आम्ही ऑपरेशन करतो." मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. वाहिनीची भिंत आतून झिजायला लागली की काही प्रथिनं रक्तात वाढतात. त्यावरून कुणाचा फुगा भराभर वाढेल हे आधी कळतं का, याचा अभ्यास चालू होता. स्टीवनचं रक्त त्यासाठीच घेतलं होतं. त्याची प्रथिनं वाढलेली होती.

"पण नुसत्या रक्तावरून मी ऑपरेशन करणार नाही. ऑपरेशनमध्येही जिवाला धोका असतो, आणि हा अभ्यास अजून कच्चा आहे. तुमच्या रक्ताच्या नात्यात कुणी यानेच गेलं असतं, तर मात्र मी थांबले नसते." त्यांनी फॉर्मवर नजर टाकली. "हार्ट म्हणताय, तर सहा महिन्यांनी या."

"चालेल," म्हणत स्टीवन उठलासुद्धा.

हिल्डा उठली नाही. एके काळी अर्धं भुईगाव तिच्याकडे बेंबी बसवायला यायचं. पोट दुखलं की लोक डॉक्टरकडे नंतर, हिल्डाकडे आधी. बेंबीवर अंगठा टेकवायचा. ठोका बरोबर खाली लागला तर ठीक, बाजूला लागला तर बेंबी सरकली. मग कोमट खोबरेल लावून, दाबून दाबून ठोका जागेवर आणायचा. तिच्या अंगठ्याला यश होतं, असं सगळे म्हणत.

बेचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा नवरा फर्डिनंड पोट धरून केळीच्या बागेतून घरी आला. स्टीवन तेव्हा एकवीस वर्षांचा. तो बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, पाण्याचा पंप लावायला गेला होता. हिल्डाने अंगठा टेकवला. ठोका बाजूला होता, आणि केवढा तो! मुठीएवढा. चांगलीच सरकलीय, म्हणून तिने अंगाचा सगळा भार देऊन दाबलं. फर्डिनंड एकदाच "हिल्डे" म्हणाला आणि पांढराफटक पडला. ठोका थांबला.

तेलाची वाटी तिने घाईघाईने धुऊन टाकली. शेजारच्यांपैकी कुणीतरी "हार्ट" म्हणालं आणि तिने तो शब्द धरून ठेवला. पुन्हा कुणाच्या पोटाला हात लावला नाही. हिल्डाला शिष्टपणा आला, असं गाव म्हणालं, म्हणू दे. ठोका मात्र तिच्या अंगठ्यात राहिला. भाकरी थापताना लागायचा, कुणाचा हात हातात घेतला की लागायचा. रोझरीचे मणीसुद्धा ती अंगठा न लावता मधल्या बोटाने ओढायची. दर कन्फेशनला ती गोष्ट जिभेवर यायची आणि दर वेळी ती गिळून टाकायची. फादरला कळलं असतं तरी चाललं असतं. स्टीवनला कळू नये, एवढंच तिला हवं होतं.

आता स्टीवन दाराशी पोचला होता. सहा महिने! हिल्डाचा अंगठा धडधडायला लागला.

"हार्ट नाय, डॉक्टर," ती म्हणाली.

"आय, चल," स्टीवन वळून म्हणाला. "रिक्षावाला थांबलाय."

"थांबू दे त्याला." तिने मुलाकडे पाहिलं नाही. "याच्या बापाच्या पोटातपण असाच ठोका होता. मुठीएवढा. पोट धरून घरी आला, बेंबी सरकली असं मला वाटलं. मी दाबलं, आणि माझ्या हाताखालीच गेला तो."

इतकं दुखत होतं म्हणजे ती वाहिनी आधीच फुटायला आली असणार, असं डॉ. इशिता हळूच म्हणाल्या. हिल्डाला ते ऐकू गेलं नाही. डॉक्टरांनी फॉर्म ओढून एक शब्द खोडला आणि ऑपरेशनची तारीख बघायला फोन उचलला.

हिल्डा मान खाली घालून बसून राहिली. बेचाळीस वर्षं जपलेला मुलगा आज हातचा गेला, असं तिला वाटलं. स्टीवन परत आला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचा उजवा अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला.

"मी त्या दिवशी बावखलावरून लवकर आलो होतो, आय," तो म्हणाला. "मागच्या दारात उभा होतो. म्हणून तर जो विचारेल त्याला हार्ट सांगतो."